आई आणि लेक: एकमेकींना समजायला इतकी वर्षं का लागतात?

'पोचलीस का?'

आई फोनवर विचारते ते दोन शब्द. सतराव्या वर्षी मुलीला त्यात ऐकू येतं, तुझ्यावर माझा विश्वास नाही. पंचविशीत ऐकू येतं, माझ्या लेखी तू अजून लहानच आहेस. आणि पंचेचाळिशीत, स्वतःची मुलगी पहिल्यांदा एकटी प्रवासाला गेली की रात्री अकरा वाजता तेच दोन शब्द आपल्या तोंडून बाहेर पडतात. पलीकडून वैतागलेला आवाज येतो, 'हो गं, पोचले.' तेवढ्यावर आपण झोपायला जाऊ शकतो. आईलाही तेव्हा एवढंच हवं होतं, हे कळायला अठ्ठावीस वर्षं गेलेली असतात.

इतका उशीर का होतो? 'वय वाढलं की अक्कल येते' हे नेहमीचं उत्तर. पण ते खरं असतं तर साठीच्या सगळ्या लेकी आणि पंच्याऐंशीच्या सगळ्या आया गुण्यागोविंदाने नांदल्या असत्या. तसं काही दिसत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, भाषाशास्त्र अशा शाखांतल्या बऱ्याच जणांनी या नात्यात डोकावून पाहिलंय. त्यातलं जे मला पटलं ते इथे सांगते.

आधी आपल्या भाषेचं थोडं. 'समज' या एका शब्दाचा मराठीत केवढा गोतावळा आहे! मुलगी लहान असते तेव्हा आई तिची समजूत काढते. जरा मोठी झाली की समजावते. वयात आली की समज देते. त्यातून गैरसमज होतात. मग एक दिवस पाहुणे म्हणतात, 'मुलगी किती समजूतदार झाली हो!' आणि बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की तिने आईशी बोलणं कमी केलंय. 'समजून घेणं' या रांगेत अगदी शेवटी येतं. त्यात 'घेणं' आहे. ते आपोआप होत नाही, हात पुढे करावा लागतो, आणि तोही दोघींनी.

दहातल्या तीन वेळा

सुरुवात आवाजापासूनच करू, कारण हे नातंही तिथूनच सुरू होतं. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन अमेरिकन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक चोखणी दिली. बाळ एका विशिष्ट लयीत चोखू लागलं की त्याला आईचा आवाज ऐकू यायचा, लय बदलली की दुसऱ्या बाईचा. बाळं जेमतेम दहा होती, पण त्यातल्या बहुतेकांनी आपली लय बदलून आईचा आवाज मिळवला. जग अजून नीट दिसतही नाही, त्या वयात.

यावरून वाटेल की आई आणि बाळ जन्मापासून एका सुरात असतात. आपण तसं मानतोही, आणि तो सूर पुढे बिघडला की 'कुठे चुकलं?' म्हणून आयुष्यभर मागे वळून शोधत राहतो. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने मात्र आई आणि तान्ह्या बाळाचं खेळणं चित्रित करून क्षणाक्षणाने तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. दोघं एका सुरात असतात ती वेळ साधारण 30 टक्के. उरलेल्या वेळात बाळ हसतं तेव्हा आईचं लक्ष नसतं, आई गुदगुल्या करते तेव्हा बाळाला नको असतं, बाळ मान फिरवतं आणि आई आणखीच पुढे येते. हे चांगल्या, प्रेमळ, निरोगी आयांबद्दल आहे बरं का. फरक पुढच्या क्षणाला पडतो. आईच्या लक्षात येतं, ती थांबते. बाळ पुन्हा वळून बघतं. सूर चुकतो, जुळवला जातो, पुन्हा चुकतो.

ट्रॉनिकचाच 1970 च्या दशकातला एक प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, आणि मग सांगितल्याप्रमाणे काही वेळ चेहरा कोरा ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होतं, मान वळवतं, रडतं. ते चित्रण बघवत नाही. रागावलेली आई बाळाला एक वेळ चालते. प्रतिसादच न देणारी आई मात्र त्याला सहन होत नाही.

मला या दोन निरीक्षणांतून सगळ्या विषयाची किल्ली मिळाल्यासारखं वाटतं. आई-लेकीचं नातं न बिघडल्यामुळे टिकत नाही. बिघडल्यावर कोणीतरी ते पुन्हा जुळवायला येतं, आणि जुळतं असा अनुभव गाठीशी जमत जातो, म्हणून ते टिकतं. सहा महिन्यांच्या बाळाला जे लागतं तेच साठ वर्षांच्या लेकीला लागतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1950 च्या दशकात 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली, तीही याच वाटेवरची. बाळाच्या सगळ्या गरजा शंभर टक्के ओळखणारी आई त्यांना अपेक्षित नव्हतीच. बाळ वाढेल तशी ती थोडी थोडी कमी पडत जाते आणि त्यातूनच बाळाला उमगतं की आपण आणि आई ही दोन वेगळी माणसं आहोत. 'मी आई म्हणून कमी पडले' ही खंत बाळगणाऱ्या बायकांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आवाज बदलतो, की कान?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात 2010 साली 7 ते 12 वयाच्या 61 मुलींवर एक अभ्यास झाला. मुलींना अनोळखी लोकांपुढे भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. साहजिकच त्या घाबरल्या. नंतर काहींना आईने जवळ घेतलं, काहींशी ती फक्त फोनवर बोलली, तर काहींना आईशी संबंध नसलेला एक चित्रपट दाखवला. आईने जवळ घेतलेल्या आणि नुसत्या फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक जवळपास सारखंच वाढलं, आणि ताणाचं संप्रेरक उतरलं. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी फोनऐवजी टाइप केलेले संदेश वापरून पाहिले. शब्द दिलाशाचेच होते, पण परिणाम दिसला नाही. म्हणजे आधार शब्दांत कमी आणि आवाजात जास्त होता. (तेव्हापासून मी 'पोचले' असं टाइप करून पाठवायचं सोडलं, फोनच करते. आईला कारण सांगितलेलं नाही.)

मग तेराव्या-चौदाव्या वर्षी असं काय होतं की ह्याच आवाजाने मुलीच्या कपाळावर आठी पडते? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल अब्राम्स आणि विनोद मेनन यांच्या गटाने याचा थेट मेंदूत शोध घेतला. मुलांना निरर्थक शब्द ऐकवले, काही आईच्या आवाजात, काही अनोळखी बायकांच्या. शब्दांना अर्थच नसल्यामुळे 'आई काय बोलली' हा भाग निघून गेला, उरला तो नुसता आवाज. 7 ते 12 वयाच्या मुलांच्या मेंदूतली आनंद आणि महत्त्व टिपणारी केंद्रं आईच्या आवाजाला जास्त दाद देत होती. 13 ते 16 च्या मुलांत ती अनोळखी आवाजाला जास्त दाद देऊ लागली. 2022 साली हे प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ लेकीला आई नकोशी होते, असा काढू नये. आईचा आवाज तिला ओळखू येतोच. पण त्या वयात मेंदूला बाहेरच्या जगाची ओढ लागलेली असते, कारण पुढचं आयुष्य तिथेच काढायचंय. 'हाका मारून मारून घसा बसला' म्हणणाऱ्या आईला हे समजलं तर राग जात नाही, पण निदान तो आपल्यावरचा वार वाटत नाही.

आणि भांडणं कशावरून होतात ते बघा. देव, देश, धर्म यांवरून क्वचितच. पसरलेली खोली, मोबाइल, कपडे, घरी यायची वेळ. ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं या बारीकसारीक कटकटींचा अभ्यास केला. त्यांच्या मते आई आणि मुलगी एकाच खोलीबद्दल बोलत असतात, पण दोघी वेगळ्याच मुद्द्यावर भांडत असतात. आईसाठी ती 'घरातली एक खोली' असते, घराला जे नियम लागू ते तिला लागू. मुलीसाठी ती 'माझी खोली' असते, म्हणजे तिच्या स्वतःच्या हद्दीतली बाब. पसारा हे निमित्त. खरा वाद हद्दीचा असतो, आणि अंगणातली रेघ दर सहा महिन्यांनी थोडी सरकावी लागते. भांडणं किती होतात आणि किती पेटतात याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 1998 साली घेतला गेला, त्यात एक दिलासा देणारी आणि एक सावध करणारी गोष्ट सापडली. भांडणांची संख्या पौगंडावस्थेच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि मग उतरत जाते. पण त्यांची धार मधल्या काळापर्यंत वाढत जाते. म्हणजे भांडणं कमी होतात, पण होतात ती जिव्हारी लागतात.

इथे एक साधा हिशेब कोणी करत नाही. मुलींचं वयात येणं साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतं आणि पुढे काही वर्षं चालतं. बहुतेक बायकांची पाळी 45 ते 55 च्या दरम्यान जाते, आणि त्याआधीची काही वर्षं झोप उडणं, अंगातून वाफा निघणं, विनाकारण रडू येणं यात जातात. पस्तिशीच्या आसपास मूल झालेलं असेल तर ही दोन वादळं एकाच छपराखाली, एकाच वेळी येतात. एकीची पाळी नुकती आलेली, दुसरीची जायला निघालेली. दोघींनाही आपल्याच शरीराचा भरवसा वाटेनासा झालेला, आणि दोघींनाही वाटतं की समोरचीने तरी जरा सांभाळून घ्यावं.

'केस असेच ठेवणार आहेस?'

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी आया आणि प्रौढ मुली यांच्यातले संवाद गोळा करून त्यांवर लिहिलं. आया कशावरून बोलतात? केस, कपडे, वजन. हे तीन विषय त्यांना सारखे सापडले. त्यांचा मुद्दा मला फार उपयोगी वाटतो. प्रत्येक बोललेल्या वाक्याच्या पोटात एक न बोललेलं वाक्य असतं. आई म्हणते, 'केस असेच ठेवणार आहेस?' तिच्या मते ती काळजी करते आहे, कारण मुलीच्या केसांकडे इतक्या बारकाईने बघणारी जगात दुसरी आहे कोण? मुलीला ऐकू येते ती टीका. आणि गंमत म्हणजे दोघींचंही बरोबर असतं, कारण ते वाक्य एकाच वेळी काळजीही असतं आणि टीकाही.

हेच वाक्य मैत्रिणीने म्हटलं तर मुलगी हसून सोडून देते. आईने म्हटलं की ते आठवडाभर टोचतं. का? कारण आईचं मत हे मुलीसाठी कधीच नुसतं मत नसतं, तो निकाल असतो. चाळिशीतली, चार माणसांना कामाला लावणारी बाईसुद्धा आईच्या एका भुवईने दहा वर्षांची होते. आणि ही ताकद आपल्याकडे आहे हे आईला माहीतच नसतं. तिला उलट वाटत असतं की ही माझं काही ऐकतच नाही! दोघींनाही समोरची बलाढ्य आणि आपण बिचाऱ्या वाटतो.

यावर उपाय म्हणून 'मोकळेपणाने बोला' असं सगळे सांगतात. मी जरा सावधपणे सांगेन. पोटातलं वाक्य ओठांवर आणणं बरं, पण ते स्वतःचं. 'मी काळजीने बोलले' असं आईने म्हणावं. 'मला ते लागलं' असं मुलीने म्हणावं. समोरचीच्या पोटात काय होतं हे दोघींनी एकमेकींना सांगू लागू नये. 'तुला मला कमीच लेखायचं होतं' हे वाक्य आलं की संवाद संपतो आणि खटला सुरू होतो.

न दिसलेली वर्षं

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो निव्वळ गणिताचा आहे.

समजा, आई आणि मुलीत सत्तावीस वर्षांचं अंतर आहे. हे अंतर कधीही बदलत नाही. मुलगी सत्तावीस वर्षांची होते आणि तिला वाटतं, आता मला आई कळली, त्या वयात तिच्यावर काय काय येऊन पडलं होतं ते कळलं. खरंच कळलेलं असतं. पण तिला जी समजली ती सत्तावीस वर्षांची आई. ती बाई आता घरात नाही. घरात चौपन्न वर्षांची बाई आहे, तिचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते कळायला मुलीला आणखी सत्तावीस वर्षं लागतील. आपण आईला नेहमी एक पिढी उशिरा समजतो. आणि आईला? तिला हे वय ओळखीचं असतं, पण ते तिच्या काळातलं. 'तुझ्या वयाची असताना मी...' हे वाक्य म्हणूनच कोणत्याही मुलीला कधी पटलेलं ऐकिवात नाही. वय तेच असलं तरी काळ तो नसतो.

त्यात स्मरणशक्तीची भर. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. म्हणजे आईने रात्र रात्र जागून जी वर्षं काढली, तिच्या दृष्टीने हे नातं जिथे घडलं, ती वर्षं मुलीच्या खात्यात जमाच नाहीत. उलट मुलगी होण्याआधीची आईची वीस-तीस वर्षं मुलीने पाहिलेली नाहीत. एकीच्या हाती पुस्तकाची पहिली पानं नाहीत, दुसरीने जी पानं मनाशी धरून ठेवलीत ती वाचायला कोणी मागितलीच नाहीत.

मानसशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसली आहे. उतारवयात माणसांना आयुष्यातलं आठवेल ते सांगा म्हटलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेखावर तिथे चक्क उंचवटा दिसतो. आता हे आई-लेकीला लावून बघा. मुलीच्या उंचवट्यावर आई कोणती बसली आहे? भांडणांच्या काळातली, चाळिशीतली, दमलेली, ओरडणारी. आईचा उंचवटा मात्र केव्हाच मागे पडला, त्यावर तिच्या मैत्रिणी आहेत, तिची परीक्षा आहे, आणि तिची स्वतःची आई आहे. ज्या प्रसंगाने मुलीचं आयुष्य ढवळून निघालं तो आईला आठवतही नाही, याचं कारण नेहमी बेपर्वाई असतं असं नाही, एवढं मी यावरून समजते.

हे मी स्वतः अनुभवलं. मी सोळा वर्षांची असताना आईने माझं एक पत्र उघडून वाचलं होतं. कसलं पत्र ते महत्त्वाचं नाही, पण त्यानंतर मी तिला काही सांगायचं सोडलं ते जवळपास दहा वर्षं. कितीतरी वर्षांनी मी धीर करून विषय काढला. तिला आठवेना. आधी माझा संताप झाला. मग तिने विचारलं, 'कोणतं वर्ष म्हणालीस?' मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली होती.'

आजी आजारी होती हे मला माहीत होतं. पण ते 'आजी आजारी' या नावाच्या कप्प्यात होतं, आणि 'आईने पत्र वाचलं' हे वेगळ्या. दोन्ही कप्पे एकाच वर्षातले आहेत, आणि त्या वर्षी घरात आई हरवायला निघालेली एक लेक होती, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. पत्र वाचणं चूकच होतं, हे ती त्या दिवशी म्हणाली. मला ते ऐकायचंच होतं. पण मला जास्त कामाचं ठरलं ते दुसरंच वाक्य.

अर्थात दोघी या नात्याकडे एकाच अंतरावरून बघतही नसतात. वर्न बेंगट्सन आणि जोसेफ कायपर्स यांनी 1971 साली मांडलं की आईवडील आणि मुलं यांना नात्याबद्दल वेगवेगळं विचारलं तर आईवडील ते जास्त जवळचं, जास्त जुळलेलं असल्याचं सांगतात, मुलं त्या मानाने कमी. त्यांचं कारण असं, की आईवडिलांची गुंतवणूक आपला वारसा पुढे चालू राहण्यात असते आणि मुलांची स्वतःची वाट काढण्यात. तेव्हा 'आमच्यात तर काहीच प्रॉब्लेम नाही' असं आई म्हणते आणि मुलगी छताकडे बघते, तेव्हा कोणी खोटं बोलत नसतं.

न दिसलेल्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडते: बाई आई होते आणि बदलते. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी 1973 साली या बदलाला 'मॅट्रेसन्स' असं नाव दिलं, ॲडोलेसन्सशी, म्हणजे पौगंडावस्थेशी यमक जुळणारं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूची गरोदरपणाआधी आणि नंतर चित्रं घेतली. इतरांचं मन ओळखण्याशी संबंधित भागांत करड्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूपेशींच्या थराचं, आकारमान घटलेलं दिसलं, आणि ते दोन वर्षांनंतरही तसंच होतं. घटलं म्हणजे बिघडलं असं नव्हे. पौगंडावस्थेतही मेंदूत अशीच छाटणी होते, आणि ती त्याला कामासाठी घडवते. म्हणजे मुलीच्या वयात येण्याची आई साक्षीदार असते, तशी आईच्या आई होण्याचीही एक साक्षीदार असते. पण ती तेव्हा पाळण्यात असते आणि तिला नंतर काही आठवत नाही.

उलटी भूमिका वगैरे

आई थकली की लोक सर्रास म्हणतात, 'आता ती मूल झाली आणि तू आई.' ऐकायला गोड आहे, पण मला हे वाक्य घातक वाटतं. मूल रोज काहीतरी नवं शिकतं, आईच्या हातून एकेक गोष्ट सुटत असते, आणि ते तिला कळत असतं. अमेरिकेतल्या मार्गारेट ब्लेंकनर यांनी 1965 सालीच या उलट्या भूमिकेच्या कल्पनेला हरकत घेतली होती. त्यांनी सुचवलेली कल्पना अशी: चाळिशी-पन्नाशीच्या आसपास माणसाला एक वेगळी प्रौढता येऊ शकते, ज्यात तो आईवडिलांकडे आपले रक्षणकर्ते म्हणून बघायचं थांबवतो आणि स्वतःचा इतिहास, स्वतःच्या मर्यादा असलेली माणसं म्हणून बघू लागतो. त्यांच्या उपयोगी पडतो, पण लेक म्हणूनच. पंच्याऐंशीच्या आईची औषधं तुम्ही मोजून देता म्हणून तुम्ही तिची आई होत नाही.

या वयापर्यंत सगळं गोड होतं असंही नाही. कुर्ट ल्युशर आणि कार्ल पिलेमर यांनी 1998 साली लिहिलं की प्रौढ मुलं आणि आईवडील यांच्या नात्यात माया आणि चीड एकत्र नांदते, आणि ती तशी नांदणं हाच नियम आहे. भेटायला जायची ओढ आणि गेल्यावर दीड तासात निघावंसं वाटणं, हे एकाच मनात खुशाल राहू शकतं.

आणि काही आयांनी खरोखर दुखावलेलं असतं. मारलेलं, तोडलेलं, मुलीला आयुष्यभर वापरलेलं. अशा लेकीला 'शेवटी आई आहे ती' असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आपण आधी बघितलं तसं जुळवायला दोघी लागतात. समोरचा चेहरा कोराच राहत असेल तर तान्हं बाळदेखील मान वळवतं. आई असं का वागली हे लांबूनही समजू शकतं, त्यासाठी परत जवळ जायलाच हवं असं नाही.

बाकीच्या आपल्यासारख्यांसाठी, जिथे माया आहे पण मधे धुकं आहे, तिथे एकच गोष्ट उपयोगी पडलेली मी पाहिली: विचारणं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फिवश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांना घराण्याबद्दल किती माहिती आहे हे बघायला वीस प्रश्न तयार केले होते. आईवडील कुठे भेटले, त्यांच्या लहानपणी घरात काय वाईट घडलं, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती ती मनाने जास्त स्थिर असल्याचं त्यांना आढळलं. नुसती उत्तरं पाठ करून कोणी स्थिर होणार नाही, हे तेही सांगतात. ज्या घरात अशा गोष्टी सांगायला आणि ऐकायला कोणीतरी बसतं, त्या घरात आणखी बरंच काही घडत असतं.

फक्त, समोर बसून, 'आई, तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं म्हणू नये. ती म्हणेल, 'त्यात काय सांगायचंय?' छोटं विचारावं. तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुला कशाची भीती वाटायची? तुझ्या आईचं कोणतं वागणं तुला आवडायचं नाही? मी होण्याआधी तू दुपारी काय करायचीस? समोरासमोर नको, शेजारी शेजारी बसून, हाताने काहीतरी चालू असताना. आईनेही लेकीला विचारावं, आणि विचारल्यावर सल्ला देऊ नये, निदान त्या दिवशी तरी.

उत्तर लगेच येतंच असं नाही. बहुतेक वेळा ती विषय बदलते, गॅस बंद केलास का विचारते. मग तीन-चार दिवसांनी फोनवर भलतंच काही चालू असतं, ठेवता ठेवता ती म्हणते, 'परवा तू विचारत होतीस ना...' तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवायचं आणि खुर्ची ओढून बसायचं.